गेर्लिंगेनचा भुंगा

नाही नाही, मी शांततेच्या विरुद्ध नाही हो! बसा ना शांत, खुशाल बसा, डोळे मिटून बसा, मांडी घालून बसा, कोण अडवतंय? पण ज्या देशात रविवारी भिंतीत खिळा ठोकला तर शेजारी दारात उभा राहतो, जिथं रिकामी बाटली डब्यात टाकायची तरी आधी घड्याळ बघावं लागतं, जिथं मुळातच इतकी शांतता आहे की स्वतःच्या पोटातली गुडगुड ऐकून आपणच ओशाळतो... तिथं आमचा चारुदत्त मनःशांती मिळवायला गेला! मग दुसरं काय होणार?

चारुदत्त गद्रे. मूळचा कोथरूडचा, आता राहायला गेर्लिंगेनला, स्टुटगार्टच्या शेजारी. सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्याच ऑफिसात, समोरच्या टेबलावर, म्हणून तर मला सगळं ठाऊक! आता आमच्या ऑफिसात सध्या कसं आहे, कोण राहणार आणि कोण जाणार याच्या रोज मीटिंगा. राहिलेल्यांच्याही मीटिंगा, जाणाऱ्यांच्याही मीटिंगा. चारुदत्त दोन्हीकडं! त्यात त्याचं ब्लडप्रेशर वर गेलं. इथं पुरुषाला 'हेर' म्हणायचं, बाईला 'फ्राऊ', आणि डॉक्टरकडं जायच्या ठरलेल्या वेळेला 'टेर्मिन'. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "हेर गद्रे, पुढच्या टेर्मिनपर्यंत हे खाली आलं नाही तर गोळी सुरू. आणि एकदा सुरू झाली की सहसा सुटत नाही." झालं! चारुदत्त गोळीला जाम घाबरतो. त्याच्या वडिलांच्या उशाशी आयुष्यभर गोळ्यांचा डबा होता, आणि त्या डब्याचा खुळखुळाट ऐकला की याचं अजूनही काळीज हलतं. ते मला समजतं. त्याबद्दल मी हसणार नाही.

पण पुढचं ऐका! त्याच्या सासूबाई, लताताई, पुण्याला असतात. निवृत्त झाल्यापासून घरीच योगाचे वर्ग घेतात. त्यांनी व्हिडिओ कॉलवर जावयाची जीभ बघितली, डोळे बघितले आणि निदान केलं, "चारुदत्तराव, काही करायचं नाही. फक्त शांत राहायचं!"

फक्त! हे 'फक्त' म्हणजे काय असतं, तुम्हाला सांगतो. सकाळी तांब्याच्या भांड्यातलं पाणी. मग सूर्याकडं तोंड करून उभं राहायचं. अहो, जानेवारीतला जर्मनीतला सूर्य, तो काय आमंत्रण दिल्यासारखा येतो? मग उदबत्ती लावून ध्यान. उदबत्ती लावली, ध्यान लागायच्या आत छतावरचा धुराचा अलार्म लागला! चारुदत्त स्टुलावर उभा राहून टॉवेलनं वारा घालतोय, संध्या, म्हणजे त्याची बायको, खिडक्या उघडतेय, आतून त्यांची मुलगी इरा कानावर उशी दाबून जर्मनमध्ये ओरडतेय. मग उदबत्ती बंद. मग बोटात घालायचं ते जपाचं मशीन, दर नामाला टिक्. ते त्यानं मीटिंगमध्ये टेबलाखाली सुरू केलं. टिक्... टिक्... समोरचा मॅनेजर घाम पुसत म्हणाला, "हेर गद्रे, तुम्ही माझ्या चुका मोजताय का?" मशीन बंद.

सासूबाई म्हणाल्या, "हरकत नाही. भ्रामरी करा. अंगठे कानात, बोटं डोळ्यांवर, श्वास घ्यायचा आणि सोडताना भुंग्यासारखं म्म्म्म्म... बाकी काही करायचं नाही. फक्त शांत राहायचं!"

आणि काय सांगू, जमलं! घरातलं ब्लडप्रेशर मोजायचं मशीन रोज आकडा खाली दाखवायला लागलं. चारुदत्तचा आवाज मूळचा खर्जातला, गणपतीत आरतीला तो उभा राहिला की तबकातल्या वाट्या हलायच्या. हा पठ्ठ्या रोज सकाळी सहाच्या ठोक्याला पाटावर बसायचा आणि म्म्म्म्म... असा लावायचा की विचारता सोय नाही. ऑफिसात चेहरा बघाल तर काय, कोणी कामावरून काढलं तरी आभार मानेल असा!

एके दिवशी जिन्यात कागद लागला. खालच्या मजल्यावर फ्राऊ लिंडनर राहतात, एकट्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी लिहिलं होतं की इमारतीत पहाटे कसलीतरी घरघर येते, सर्वांनी सायकली ठेवायच्या तळघरात जमावं. सगळे जमले. फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, "आल्झो, तर मग, रोज सहाला सुरू होते. एक दिवस चुकत नाही. माणूस असता तर एखाद्या दिवशी झोपून राहिला असता. तेव्हा हे यंत्रच असणार." सगळे म्हणाले, "गेनाऊ! अगदी बरोबर!" आणि आमच्या चारुदत्तला, लाज वाटायची सोडून, अभिमान वाटला! जर्मन बाईनं वक्तशीरपणाबद्दल यंत्र म्हटलं, याहून मोठा सन्मान या देशात दुसरा कुठला?

तिथंच 'मी आहे तो' म्हणून मोकळं व्हायचं की नाही? पण कसं म्हणणार? एवढी माणसं, त्यात वरच्या मजल्यावरचे ऐंशी वर्षांचे हेर फोग्ट वही-पेन घेऊन आलेले, इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर हेर ब्राउन टॉर्च घेऊन आलेला, आणि यानं सांगायचं की तो भुंगा मी? तेवढ्यात फ्राऊ लिंडनर त्याच्याकडं वळल्या. "हेर गद्रे, तुम्ही इंजिनियर. माझ्या डोक्यावरच राहता. तुमचं काय मत?"

आता गप्प बसावं ना! सासूबाईंनी काय सांगितलं होतं? काही करायचं नाही, फक्त शांत राहायचं! पण मत विचारलं की कोथरूडचा माणूस गप्प बसेल का? हा म्हणाला, "आल्झो... मला वाटतं, हायझुंगचा पंप असावा."

बोंबला! जर्मनीत इंजिनियरनं पंप म्हटला की पंप. ठराव झाला. पुढच्या आठवड्यात एक दिवस सकाळी तळघरातलं हायझुंग, म्हणजे घरं गरम ठेवणारी यंत्रणा, बंद ठेवायचं आणि घरघर थांबते का बघायचं. जानेवारीत! बाहेर गाड्यांच्या काचांवर बर्फ, आणि याच्या एका वाक्यासाठी अख्खी इमारत गारठणार. घरी आल्यावर संध्या म्हणाली, "अरे चारू, तू त्या दिवशी करू नकोस म्हणजे झालं. आवाज थांबेल, पंपावर नाव जाईल, ते पंप बदलतील." हा हबकला. "चांगला पंप बदलतील? माझ्यामुळं?" ती म्हणाली, "मग सांग जाऊन." "आता कसं सांगू?" "मग बस शांत!"

रात्रभर बिचारा तळमळला. घरातल्या मशीनवर आकडा असा चढला की संध्यानं मशीनच लपवलं. सकाळी घर थंडगार. वर हेर फोग्टांच्या काठीची ठकठक ऐकू येतेय, म्हातारे ऊब यावी म्हणून घरातल्या घरात फेऱ्या मारतायत. ती काठी ऐकून चारुदत्तच्या छातीत धडधड सुरू झाली. डोळ्यांपुढं तो वडिलांच्या उशाचा डबा. आणि घाबरलेला माणूस काय करतो? जे शिकवलंय तेच करतो! घोंगडं गुंडाळलं, पाटावर बसला, अंगठे कानात, बोटं डोळ्यांवर...

म्म्म्म्म्म्म्म्म!

खाली तळघरात टॉर्च घेऊन सगळे बंद पंपाभोवती उभे. पंप गार. आणि घरघर चालू! फ्राऊ लिंडनरांनी बोट वर केलं. वरात निघाली. पहिला जिना, दुसरा जिना, आवाज वाढतोय, हेर फोग्टही काठी टेकत खाली आले, आणि सगळे गद्र्यांच्या दारात. बेल वाजवली. पण याचे कान बंद! पुन्हा वाजवली. म्म्म्म्म... दार उघडलं संध्यानं. तिनं जिन्यातली एवढी टोप्या-कानपट्ट्यांची गर्दी पाहिली आणि सवयीनं काय म्हणावं तिनं? "या ना, आत या. चहा ठेवते." सगळे बूट काढून आत. दिवाणखान्यात गोल करून उभे. मध्ये चारुदत्त, डोळे बंद, कान बंद, घोंगड्यात, आणि असा निवांत सूर लावलाय... मला संध्यानं सांगितलं, तिला त्या क्षणी नवऱ्याची इतकी कीव आली, इतकं प्रेमही आलं, की हाक मारवेना.

श्वास संपला. बोटं निघाली. समोर बारा-पंधरा पायमोजे!

चारुदत्तनं सगळं ओकून टाकलं. ऑफिस, ब्लडप्रेशर, गोळी, सासूबाई, पंप... सगळं. "माफ करा," म्हणाला, "मला फक्त शांत राहायचं होतं." मग हेर फोग्ट काठीवर रेलून म्हणाले, "ब्लडप्रेशर? मलाही आहे." हाउसमाइस्टर म्हणाला, "मलाही." फ्राऊ लिंडनर जरा पुढं झाल्या. "आणि यानं खाली येतं?" "जमलं होतं," हा म्हणाला, "पंपापर्यंत."

वाचला, असं वाटलं ना? मलाही वाटलं! अहो, पण हा जर्मनी आहे. इथं चार माणसांना एकच गोष्ट आवडली की त्यांचा फेराइन होतो, म्हणजे मंडळ! महिना व्हायच्या आत भ्रामरी मंडळ उभं. फ्राऊ लिंडनर अध्यक्षा. सायकलींचं तळघर आरक्षित. सहा वाजता म्हणजे सहाला, चारुदत्त धावतपळत दोन मिनिटं उशिरा आला तर अध्यक्षाबाई घड्याळाकडं नव्हे, त्याच्याकडं बघतात. सुट्टीवर जायचं तर आधी कळवा. सूर वरचा की खालचा, यावर मतदान! हेर फोग्टांनी तक्रार नोंदवली की गद्रे मध्येच श्वास घेतात. पलीकडच्या दोन गल्ल्यांतून माणसं यायला लागली, प्रतीक्षायादी झाली. चारुदत्तला रात्री झोप लागेना, सकाळचा भुंगा नीट लागेल ना या काळजीनं. सासूबाईंना फोन केला. त्या कौतुकानं म्हणाल्या, "अहो, केवढं काम करताय तुम्ही! आता काही करायचं नाही, फक्त शांत राहायचं!"

परवा टेर्मिन झाला. डॉक्टरीणबाईंनी पट्टा गुंडाळला, आकडा बघितला, पुन्हा गुंडाळला, पुन्हा बघितला आणि गोळी लिहून दिली. हा मान खाली घालून चिठ्ठी घ्यायला लागला तर म्हणतात कशा, "हेर गद्रे, नुसत्या गोळीनं भागणार नाही, मनही शांत हवं. तुमच्याच भागात एक गट सुरू झालाय म्हणे, भुंग्यासारखा आवाज काढतात. माझ्या कितीतरी पेशंटांचं प्रेशर खाली आलं. जाऊन बघा. फक्त तिथं लगेच जागा मिळत नाही, यादीत थांबावं लागतं."

तुम्हाला सांगतो, चारुदत्तनं चिठ्ठीची घडी घातली. बाहेर आला, औषधाच्या दुकानातून गोळी घेऊन गिळली, खिशातून फोन काढला, मंडळाचा राजीनामा पाठवला आणि त्याच मंडळाच्या प्रतीक्षायादीत सगळ्यात शेवटी स्वतःचं नाव घातलं. मला म्हणाला, "नंबर लागेपर्यंत तरी शांत राहता येईल!"