झिंग्याच्या स्वभावाचा दाखला

...अन् इंग्रजीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा! दाबलं बाबा दोन. मंग तिकिटासाठी एक, सामानासाठी दोन, तक्रारीसाठी तीन... अन् कुत्र्यासाठी काय दाबू, नरडं? तुम्हाले सांगतो, नऊच्या नऊ बटणं दाबून पाह्यली, त्या विमान कंपनीत कुत्र्याचं बटणच नाई! मधामधात कानात पुंगी वाजवून राह्यले. पाऊण घंटा ऐकली मी ते पुंगी. इकडं चुलीवर मासोळीचा रस्सा जळून कोळसा झाला, अन् झिंग्या माह्या तोंडाकडं पाहून शेपूट हालवून राह्यला, की म्हातारीले आज झालं तरी काय! आता सांगा, यात त्या कुत्र्याचं काय चुकलं?

मी गोकुळा. सावली गावाच्या पुढं, तलावाच्या पाळीले लागून घर हाय माहं. जन्म गेला जाळं फेकण्यात. शाळेत एक दिवस गेली नाई, पण किराण्याच्या पुड्यायचे कागद वाचून वाचून अक्षरं शिकली, अन् आता गावाचे अर्ज मीच लिहितो, अन् तहसीलातून उत्तर आलं की त्यातल्या चुका बी मीच काढतो. म्हून मले कोणी कागदाचं भेव दाखवू नये!

तं झालं असं, दामिनी माही एकुलती एक पोरगी, तिकडं बंगलोरले दवाखान्यात नर्स हाय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हाव ही आमची रीत, पण तिच्या डॉक्टरीनबाईनं सांगितलं, जागचं हालायचं नाई. मंग? पोरगी माहेरी येत नाई, तं माहेरानं उठून पोरीकडं जाव! बाळंतपणाची वीस तारीख भेटली. बाळाले पहिली आंघोळ मी घालीन हे मी साऱ्या गावात सांगून ठेवलं होतं. तिच्या सासूच्या हातून पहिलं पाणी पडू देतो काय मी! जावयानं विमानाचं तिकीट काढलं. एक तिकीट. म्हटलं, "अन् झिंग्याचं?"

जावई म्हणते, "आई, कुत्रा राहू द्या ना गावातच."

राहू द्या! याच पावसाळ्यात आमच्या गल्लीतले चार कुत्रे बिबट्यानं नेले, ओट्यावरून, एक तं साखळीसकट. झिंग्या वाचला, काऊन की तो घरात माह्या खाटेखाली झोपते. मी गेली की घराले कुलूप, अन् कुलुपाच्या बाहेर झिंग्या. अन् बिबट्यानं सोडला तरी भूक सोडन काय? माह्या हातचं सोडून दुसऱ्याच्या हातचं तो शिवत नाई. शेजारच्या मंगलीनं एकडाव मटणाचं हाडूक देलं, तं तिच्याकडं पाठ करून बसला... अकरा वर्षाचा हाय तो. या वयात त्यानं सवयी बदलाव, अन् जावयानं तिकीट बदलू नये?

तं मी फोन लावला. शेवटी लागली एक पोट्टी, आवाज कसा, गुळाचा पाक. "नमस्कार, मी रीना बोलते, मी आपली काय मदत करू शकते?"

म्हटलं, "रीनाबाई, माहा कुत्रा बंगलोरले येऊन राह्यला."

"जी मॅम. त्याची ब्रीड?"

"गावठी."

"गावठी असा ऑप्शन दाखवत नाहीये मॅम."

आता अर्ध्या देशाचे कुत्रे गावठी, अन् हिच्या मशीनमध्ये गावठी नाई! मंग विचारते, "मॅम, त्याचं नाक चपटं आहे का?" म्हटलं, "काऊन? सोयरीक घेऊन राह्यली काय त्याची?" हासली नाई. वजन विचारलं, उंची विचारली, आवाजाले घाबरते काय विचारलं, अन् मंग म्हणते, "मॅम, पिंजरा लागेल. त्यात त्याला उभं राहून गोल फिरता आलं पाहिजे." माह्या दामिनीच्या बंगलोरच्या खोलीत दामिनीले गोल फिरता येत नाई, पण ठीक हाय, कायदा म्हणजे कायदा.

पिंजरा म्हटलं की आमच्याकडं दुसरं काय असणार? बांबू! मंगरू बुढा चार दिवस ओट्यावर बसून विणत राह्यला. असा पिंजरा, तुम्हाले सांगतो, की त्यात मीच जाऊन बसाव वाटलं. पण बांबूची वस्तू गावाच्या बाहेर न्यायची म्हणजे पास पाह्यजे, हे आमच्याकडं जन्मल्या लेकराले ठाऊक. आता कायदा सैल झाला म्हणते, पण आमच्या डोक्यात जो जंगलाचा नाका बसला हाय, तो काई उठला नाई. म्हून मी सरळ ग्रामसभेत विषय ठेवला. ठराव लिहला : पिंजऱ्याचा बांबू आमच्याच रानातला, चोरीचा नाई. तं मंगरू म्हणते, "गोकुळाबाई, कागद जाऊनच राह्यला, तं कुत्र्याबद्दल बी चार चांगले शब्द टाका ना."

टाकले! मजकूर माहा, अक्षर माहं : "सदर कुत्रा झिंग्या हा गावाचा विश्वासू असून त्याने आजवर दोन रानडुकरे व एक बिबट्या यांच्या अंगावर धावून जाऊन त्यांना पळवून लावले आहे. तरी त्यास विमानातून सन्मानाने न्यावे." खाली शिक्का, अन् एकेचाळीस सह्या-अंगठे. माह्या लग्नात एवढे लोक नोते! गोविंदानं, जीपवाल्यानं, त्याच्या मोबाईलवरून पिंजऱ्याचा फोटो अन् ठराव कंपनीले पाठवला.

तिसऱ्या दिवशी फोन. रीना नाई, कोणी जाडा आवाज. "मॅम, सुरक्षा विभागातून बोलतोय. आपला कुत्रा हल्लेखोर वर्गात गेला आहे."

"कोण म्हणते?"

"आपणच लिहून दिलंय मॅम. बिबट्यावर हल्ला केला म्हणून."

"मंग काय बिबट्याले चहा विचाराव?"

"मॅम, विमानात इतर प्रवासी असतात."

"त्यात बिबटे बसते काय?"

मंग म्हणते, बांबूचा पिंजरा चालत नाई, कडक प्लास्टिकचा पाह्यजे, अन् कुत्रा शांत हाय असा जनावरायच्या डॉक्टरचा दाखला पाह्यजे, स्वभावाचा! आमच्याकडं ज्याच्यासाठी हार घालाव, त्याच्यासाठी तिकडं गुन्हा लागते. आता सांगा, यात त्या कुत्र्याचं काय चुकलं? चुकलं तं माहं, अन् माह्याबरोबर एकेचाळीस लोकायचं!

त्याच्यानंतर मी सात डाव फोन केला. सात डाव नवीन पोट्टी, अन् सात डाव, "मॅम, सुरुवातीपासून सांगा." सुरुवात कुठून सांगू, तो पिल्लू होता अन् झिंगे मासोळीच्या टोपल्यात पडला, म्हून झिंग्या नाव पडलं, तिथून? सांगितलं बापा, एकीले तिथून बी सांगितलं!

सावलीचे जनावरायचे डॉक्टर अमरसाहेब तपासाले बसले, अन् झिंग्या त्यायच्या टेबलावर झोपून गेला. त्यायनं लिहलं, "शांत, मवाळ व आज्ञाधारक." मी वाचलं, घडी केली, अन् झिंग्याले दाखवलं नाई. अकरा वर्षाची इज्जत, एका सहीत गेली! प्लास्टिकचा पिंजरा दामिनीनं पाठवला. त्यात हा जाईचना, दोन दिवस त्यात कोंबडी अंडे देऊन राह्यली...

सतरा तारखेले पहाटे गोविंदाची जीप काढली, झिंग्याले मांडीवर घेऊन नागपूर गाठलं, अन् विमानतळावर त्याले कसंबसं त्या प्लास्टिकच्या डबड्यात बसवलं. खिडकीवर दीपिका नावाची पोट्टी. मी तिच्यापुढं एकेक कागद ठेवला. तिनं सारे पाह्यले, अन् म्हणते, "वा आजी, सगळं बरोबर आहे!" तुम्हाले सांगतो, तहसीलदार उभा राहून बोलला असता तरी मले एवढं बरं वाटलं नसतं. मंग तिनं मशीनमध्ये पाह्यलं. अन् तिचं तोंड उतरलं.

"आजी, सॉरी... आज विमान बदललंय. छोटं लागलंय. यात जनावरांची सोय नाही. तुम्ही जा ना, कुत्रा परवाच्या विमानानं पाठवू."

"अन् दोन दिवस तो कोणापाशी राहीन?"

"तुमच्याकडून कोणीतरी, आजी..."

गोविंदा म्हणते, "काकू, तुम्ही जा. दामिनीताई वाट पाहून राह्यली. मी नेतो याले गावी, सांभाळतो." खरं सांगतो, मी गेली बी. पिशवी उचलून पार त्या बंदूकवाल्या शिपायापर्यंत गेली. अन् मांगं पाह्यलं. भुकला असता ना, ओरडला असता, तं मी रागानं निघून गेली असती. पण नाई. बिबट्यावर धावणारा माहा झिंग्या त्या डबड्यात डॉक्टरनं लिहून देल्यासारखा बसला होता. शांत, मवाळ व आज्ञाधारक. मले तो दाखला खोटा पाह्यजे होता, बाईंनो...

परत फिरली मी. म्हटलं, परवा तं परवा, दोघं संग जाऊ. वीस तारखेले येळ हाय.

अन् ते लेकरू अठरालेच जन्मलं! दामिनीची सासू, रंजीताबाई, लाडवाचा एक डबा घेऊन विमानात बसली अन् दोन घंट्यात पोचली. तिले कोणी काई विचारलं नाई. पहिली आंघोळ तिनं घातली. मी मोबाईलवर पाह्यली, गोविंदाच्या. दामिनी म्हणे, "आई, रडून राह्यली काय?" म्हटलं, "नाई, चुलीचा धुपट हाय." अन् मी जीपमध्ये बसली होती!

पहिली आंघोळच गेली, मंग परवाचं विमान मी धरलंच नाई. आता दामिनी नातीले घेऊन येऊन राह्यली. सव्वा महिना झाला की. म्हून मी त्याच कंपनीले पुन्हा फोन केला. म्हटलं, पोरीची फजिती नोको. "लेकरू आणाले काय काय लागते?"

"काही नाही मॅम, मांडीवर घ्यायचं."

"पिंजरा?"

"मॅम!"

"वजन? नाक?"

"नाही मॅम, फक्त जन्माचा दाखला."

"अन् स्वभावाचा?"

"स्वभावाचा कशाला, मॅम? बाळ आहे ना ते!"

बाळ! दामिनी सांगते, दिवस-रात्र किंचाळते, आईबिगर कोणाच्या हातचं दूध घेत नाई, अन् परवा रंजीताबाईच्या नाकाले असं नख मारलं की रक्त काढलं. सारे म्हणते, पुरी आजीवर गेली. आता विमानात इतर प्रवासी बसते, तवा हे सारं कंपनीले आधी लिहून कळवाले पाह्यजे... पण जाऊ द्या. एकडाव खरं लिहून देऊन पाह्यलं मी. पुरे झालं.