खरं बोलण्याची शिकवणी

...नाही पण मला सांगा, खरं बोलायला माणसाला शिकवणी लावावी लागते का हो? ऐकलंय कधी कुणी? मी लावली. या वयात. आणि मास्तर कोण, तर पैसे घेऊन खोटं बोलणारा माणूस... थांबा, क्रमानं सांगतो, फक्त ते दार तेवढं लोटून घ्या. बाहेर कुणी नाही ना? नाही, विचारलेलं बरं. मी आधीच सशाच्या काळजाचा माणूस. खोटा नाही हो, भित्रा आहे. हे एवढं वाक्य गेल्या तीन महिन्यांत मी इतक्यांना सांगितलंय, की आता कुणी नुसतं नाव विचारलं तरी तेच तोंडातून येतं.

तर मी पाट्या रंगवणारा. दुकानांच्या, शाळांच्या, वकिलांच्या, अर्ध्या शहराची नावं माझ्या ब्रशाखालून गेलीत. आणि ज्या कचेरीतून मला भत्ता मिळतो ना, तिथल्या खिडकीवरची ती लाल पाटी, 'खोटी माहिती देणाऱ्यावर कडक कारवाई होईल', तीसुद्धा माझ्याच हातची. तेव्हाचे साहेब म्हणाले होते, 'कडक' जरा जाड काढा, वाचणारा टरकला पाहिजे. काढला जाड. आता दर वेळी त्या खिडकीशी जातो आणि मीच टरकतो. आठ वर्षांपूर्वी शिडीवरून पडलो, गुडघ्याचा चुरा झाला, शिडी कायमची सुटली, तेव्हापासून हा भत्ता. घरभाडं त्यावर, हिच्या डोळ्यांत घालायचे थेंब त्यावर. आमची चैन म्हणाल तर खिडकीत बसून दुसऱ्यांच्या पाट्यांतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढायच्या.

आणि एक दिवस आला लिफाफा. जाड, गोल शिक्क्याचा. मी उघडला, पहिल्या पानावर एवढंच, की भत्ता घेणाऱ्यांमधून आपली निवड झाली आहे, अमुक दिवशी सर्व कागदपत्रांसह हजर राहावे. हजर! तुम्हाला सांगतो, माझ्या पायांतलं बळच गेलं, आणि माझ्याकडे मुळात पाय किती, तर दीड. मी हिला म्हटलं, संपलं, त्यांना कळलं. ही म्हणाली काय कळलं? म्हटलं, मी मागच्या महिन्यात स्टुलावर चढून दिवा बदलला, समोरच्या शिंपिणीनं पाहिलं असणार, लंगडा माणूस स्टुलावर चढतो म्हणजे लंगडा नाही. ही म्हणाली, ते स्टूल वीतभर उंच आहे आणि वर तुम्हाला मी धरलं होतं. म्हटलं, मग तू पण आत जाणार. तिनं कागद उलटा केला. म्हणाली, "अहो, मागेही लिहिलंय."

मागे लिहिलं होतं की सरकारनं स्पर्धा ठेवली आहे. भत्त्यांमध्ये लबाडी होते ती कशी पकडायची, आणि खऱ्या गरजू माणसाला हेलपाटे घालायला न लावता भत्ता कसा पोचवायचा, यावर कोण नवी युक्ती काढतो ते बघायचं. जिंकेल त्याची युक्ती सगळ्या कचेऱ्यांत लागू. आणि या युक्त्या तपासायला खरी माणसं हवीत, म्हणून आपली निवड 'नमुना' म्हणून झाली आहे. नमुना! चाळीस वर्षं ही मला तेच म्हणत होती, सरकारनं आता लेखी दिलं.

गेलो, हिला बरोबर घेऊन. न जाऊन सांगतो कुणाला? कचेरीचं सभागृह, वरती परीक्षक साहेब लोक, खाली स्पर्धकांची टेबलं. एका टेबलाशी कोण, तर आपल्या खिडकीतल्या बाई. वीस वर्षं त्या लाल पाटीखाली बसून लोकांचे अर्ज घेतात त्या. त्यांच्यापुढे एकच कागद. चौदा पानांचा अर्ज त्यांनी एका पानावर आणला होता, आणि तळाशी लिहिलं होतं, एखादा दाखला कमी पडला तर माणसाला परत पाठवू नये, फोन करून विचारावं. मोठ्या साहेबांनी तो कागद मागूनपुढून पाहिला. म्हणाले, "यात यंत्र कुठंय?"

बाई म्हणाल्या, "यंत्र नाही साहेब. मी आहे ना."

साहेबांनी कागद खाली ठेवला. झालं.

शेजारच्या टेबलाशी एक चष्मेवाला तरुण, त्याच्यापुढे डब्याएवढं यंत्र. आवाज ऐकायचं आणि माणूस खरा की खोटा ते सांगायचं. हिरवा दिवा म्हणजे खरा, तांबडा म्हणजे खोटा. तो मला अगदी प्रेमानं म्हणाला, काका, तुम्ही नुसतं खरं बोला, बाकीचं यंत्र बघेल. आता हे 'बाकीचं यंत्र बघेल' ऐकल्याबरोबर मी दार कुठं आहे ते बघून ठेवलं, ते वेगळं.

माझ्या आधी बसवला एक नाटकवाला. त्याला स्पर्धेवाल्यांनी मुद्दाम पैसे देऊन आणलं होतं, खोटे कागद घेऊन बसायचं आणि यंत्र पकडतंय का बघायचं. बसला. काय सांगू तुम्हाला... गिरणीतला अपघात सांगितला, पट्ट्यात अडकलेला पाय सांगितला, दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर बायकोचा चेहरा सांगितला, मधे एकदा डोळे पुसले. माझे पण भरून आले, मी हिला म्हटलं बिचारा गं. यंत्रावर हिरवा. आणि तो उठला, दोन धडधाकट पायांवर चालत पाणी प्यायला गेला.

मग मी. यंत्रानं बाईच्या आवाजात विचारलं, आपलं नाव? मी नाव सांगितलं. तांबडा. तुम्हाला सांगतो, मी वळून हिच्याकडे पाहिलं, की हेच ना माझं नाव? गुडघ्याला काय झालं? पडलो. तांबडा. कधी पडलात? तांबडा. अहो, मी घसा साफ केला तरी तांबडा. मी म्हणालो, मी खोटा नाही हो, भित्रा आहे. तो दिवा तर लुकलुकायलाच लागला.

परीक्षकांनी चष्मेवाल्याला विचारलं, हे कसं? तो म्हणाला, दोन माणसांवरून काही ठरवता येत नाही, मोठ्या संख्येत यंत्र बरोबर येतं. साहेबांना मोठी संख्या आवडली. पहिलं बक्षीस यंत्राला. बाईंना उत्तेजनार्थ फुलदाणी. आम्हाला चहा. मी म्हटलं, सुटलो.

कसला सुटतोय. पुढच्या महिन्यात भत्ता आला नाही. कागद आला, की आवाज तपासणीत आपण संशयास्पद आढळला आहात. अहो, तो खेळ होता ना? तर म्हणे चाचणीच्या दिवशी यंत्र खऱ्याच फायलींना जोडलं होतं, आणि नंतर तो निकाल तिथून काढायचा राहिला. बघा आता. पुढचे तीन आठवडे माझी काय दशा झाली... जिन्यात पाऊल वाजलं की वाटे घरमालक, टपालवाला आला की वाटे पोलीस. ही मला म्हणाली, डॉक्टरांनी थेंब एक दिवसाआड घालायला सांगितलेत. मी विश्वास ठेवला. नंतर बाटलीवर वाचलं, दिवसातून तीनदा. हातात ती बाटली धरून मी न्हाणीघरात बसून राहिलो, आणि त्या दिवशी मात्र मला सरकारची नाही, वेगळीच भीती वाटली. हिला दिसेनासं झालं तर?

उठलो आणि खिडकीशी गेलो. बाई म्हणाल्या, "पेंटरकाका, तुमचा गुडघा मला माहीत आहे. पण तुमच्या फायलीला आता माझा हात लागत नाही." आवाजाची परीक्षा पुन्हा देता येते, पण एकदाच, आणि तेव्हाही तांबडा आला तर रीतसर चौकशी. मग इकडेतिकडे बघून त्यांनी एका चिठ्ठीवर पत्ता लिहिला आणि हळूच पुढे सरकवला. पत्ता त्या नाटकवाल्याचा.

इस्त्रीवाल्याच्या दुकानावर त्याची खोली. मी दारातच सांगून टाकलं, की मला खोटं बोलायला शिकायचं नाही, मला खरं बोलायला शिकवा. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. मला समोर बसवून नाव सांगायला लावलं आणि म्हणाला, "काका, खरं बोलताना तुम्ही समोरच्याकडे परवानगी मागता. मी मागत नाही, एवढाच फरक." मग रोज तासभर. श्वास आधी, शब्द मागून. नजर यंत्राच्या थोडी वर. दहा दिवस झाले, माझा आवाज आपला तसाच, थंडीत कुडकुडल्यासारखा. शेवटी त्यानं वैतागून विचारलं, पडलात तेव्हा नेमकं काय झालं ते तरी सांगा.

सांगितलं. दवाखान्याची पाटी होती, 'दवाखा' झालं होतं, 'ना' राहिला होता, आणि शिडी सरकली. आणि सांगता सांगता मला आठवलं, पडताना मला भीती वाटली नव्हती. मुळीच नाही. हवेत होतो तेवढा वेळ डोक्यात एकच, की 'ना' राहिला. सबंध आयुष्यात न घाबरता काढलेला तेवढाच काय तो वेळ.

तो पुढे सरकून बसला. मग म्हणाला, "तिथून बोला."

परीक्षेला तिथूनच बोललो. नाव, हिरवा. गुडघा, हिरवा. सगळं हिरवं, शेतासारखं. बाईंनी शिक्का मारला, मारताना दोनदा नाक पुसलं. बाहेर रांगेत आणखी सातआठ जण उभे होते, सगळे माझ्यासारखेच, कागद घट्ट धरून, ओठ पांढरे पडलेले. मी जाता जाता पहिल्याला इस्त्रीवाल्याचा पत्ता दिला. म्हटलं, पुढे द्या.

वाटेत थेंब घेतले, घरी आलो. ही दारातच उभी. विचारलं, काय झालं? मी श्वास घेतला, आधी श्वास, मग शब्द, आणि म्हणालो, "मंजूर झाला. भत्ता पुन्हा सुरू."

ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, काय लपवताय?"

म्हटलं, काही नाही, खरंच झाला. तर म्हणाली, "तुम्ही खरं बोलता तेव्हा तुमचा आवाज कापतो. चाळीस वर्षं ऐकतेय. आज कापला नाही."

शिक्का दाखवला. म्हणाली शिक्के काय, कुणीही बनवतं. बाईंना फोन लावून दिला. म्हणाली त्या नाटकवाल्याला बायकांचेही आवाज काढता येत असतील. तुम्हाला सांगतो, महिना झाला या गोष्टीला. भत्ता वेळेवर येतो, थेंब दिवसातून तीनदा पडतात, सरकारदरबारी मी हिरवा. घरात मात्र बाजारातून आलो म्हटलं तरी तांबडा... आणि इथं परीक्षा पुन्हा देता येत नाही.