नेमबाजी, इतर समारंभांत

गंधाली : ...आणि सर, तो रेटचा कागद त्याने माझ्याकडे असा सरकवला, जसं काय मी मुलीच्या लग्नासाठी हॉल बघायला आलेय. वरती लग्न, मग साखरपुडा, मुंज, बारसं. सगळ्यात खाली ‘इतर समारंभ’. त्यात साड्यांचे सेल, श्रद्धांजली सभा आणि आपण.

श्यामकांत : आपण म्हणजे?

गंधाली : ‘रायफल शूटिंग’. असंच छापलंय. खेळांसाठी वेगळा रेट होता ना, तो काढून टाकला. आता लग्नवाल्यांना जे भाडं तेच आपल्याला. वर एसी घ्यायलाच लागणार, आणि केटरर त्यांचाच.

श्यामकांत : नेमबाजीच्या स्पर्धेला केटरर कशाला? मुली घरून डबे आणतात.

गंधाली : बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही म्हणे. सतरा वर्षं आपण मुलींची ही स्पर्धा तिथे घेतोय. जाताना हॉल झाडून जायचो आपण. ते सांगितलं तर म्हणतो, हाउसकीपिंगचा चार्ज पण कंपल्सरी आहे.

श्यामकांत : तू क्लबची सेक्रेटरी म्हणून गेली होतीस. सवलत किती देणार, हे स्पष्ट विचारायचं होतंस.

गंधाली : विचारलं ना. गेल्या वर्षी भाडं दुप्पट केलं, तेव्हा आपण एंट्री फी वाढवली. आता सगळ्या एंट्र्यांची फी एकत्र केली तरी जेमतेम एका दिवसाचं भाडं निघतं. आणि स्पर्धा तीन दिवसांची.

श्यामकांत : मग एका दिवसात उरकू. पहाटे सहाला सुरू करू.

गंधाली : एकच दिवस घेतला तर जो दिवस देतायत, त्या संध्याकाळी कोणाच्या तरी लग्नाचं संगीत आहे. दुपारी बारापासून स्टेज लागतो. आपल्याला टार्गेटं लावून अंतर मोजायलाच दोन तास जातात. नाही होणार सर.

श्यामकांत : कांदिवलीची ती शाळा?

गंधाली : सकाळीच फोन केला होता. त्यांनी हॉल झुंबा क्लासला दिलाय वर्षभरासाठी. दहा मीटरची सलग जागा आणि मागे भक्कम भिंत, असं दुसरं काही नाहीये आपल्याला परवडणारं. मी महिनाभर हेच करतेय.

(श्यामकांतची बायको प्रेमा चहा घेऊन आतून येते.)

प्रेमा : मगासपासून नुसतो ‘तो’, ‘तो’ करतंस गो. थंय बसता कोण आता? नाव नाय तेका?

श्यामकांत : तू आत जा. क्लबचं काम चाललंय.

प्रेमा : क्लबच्या कामाक चाय माझी चलता, माका बसूक नको. सांग गो, कोण?

गंधाली : नितेश, काकू.

प्रेमा : आपलो नितेश? मागच्या चाळीतलो?

गंधाली : तोच. त्याच्या संस्थेने हॉल चालवायला घेतलाय. दोन वर्षं झाली.

प्रेमा : तेचां नेमबाजीचां पयलां जाकीट मी शिवलंय. विकत घेवची ऐपत नव्हती, म्हणान खाकी कापड आणलंय आणि आतून गोधडेचे तुकडे लावलंय. मॅच असली काय आदल्या दिवशी हंयच जेवायचो तो.

गंधाली : तुमची आठवण काढली त्याने. म्हणाला, काकूंच्या आंबोळ्यांची चव अजून तोंडात आहे. आणि त्याच श्वासात म्हणाला, जीएसटी वेगळा पडेल.

प्रेमा : शी.

श्यामकांत : झालं ते झालं. गंधाली, तुला अजून काहीतरी सांगायचंय. आल्यापासून मोबाइल उलटा ठेवून बसलीस.

गंधाली : त्याने एक ऑफर दिली, सर.

श्यामकांत : कसली?

गंधाली : हॉल फुकट. तीनही दिवस. एसी पण. फक्त रविवारी अर्ध्या हॉलमध्ये एका बिल्डरचं बुकिंग असेल. मुलुंडला त्यांचा नवीन टॉवर होतोय, त्याच्या फ्लॅटचं लाँच. आपल्या मुलींनी युनिफॉर्म घालून, त्यांच्या लोकांसमोर फुगे फोडायचे.

श्यामकांत : फुगे.

गंधाली : फुग्यात चिठ्ठ्या असणार. कोणाला किचन फ्री, कोणाला पार्किंग. ज्या गिऱ्हाइकाचा फुगा, त्याच्या नावाने मुलीने नेम धरायचा. नंतर त्या लोकांच्या पोरांना रायफल हातात घेऊन फोटो काढू द्यायचा.

श्यामकांत : पोरांच्या हातात रायफल द्यायची. गर्दीत.

गंधाली : मी तेच म्हटलं. तर म्हणाला, रिकामीच द्या ना, फोटोत कोणाला कळतंय. हे तो बोलतोय, सर. ज्याला तुम्ही एकदा रायफलची नळी माणसाच्या दिशेने फिरली म्हणून पूर्ण महिना रेंजवर उभं केलं नव्हतं.

श्यामकांत : तू काय म्हणालीस?

गंधाली : विचारून सांगते म्हणाले.

श्यामकांत : विचारून सांगते?

गंधाली : हो. किळस आली मला, तरी म्हणाले. कारण बाहेर पडल्यावर मी दिशाला काय सांगू? ती कांदिवलीहून दोन गाड्या बदलून येते, खांद्यावर ती पेटी घेऊन. मोठ्या स्पर्धांची फी तिच्या घरच्यांना झेपत नाही. वर्षात तिला लोकांसमोर नेमबाजी करायला मिळते ती इथेच. अशा वीस-बावीस मुली आहेत. तुम्ही तत्त्व म्हणून नाही म्हणाल आणि ते बरोबरच असेल. पण वर्ष त्यांचं जाणार.

श्यामकांत : तू सोळा वर्षांची असताना असे फुगे फोडले असतेस?

गंधाली : फोडले असते. कोणीतरी टाळ्या वाजवतंय म्हणून खूशसुद्धा झाले असते. घरी येऊन आईला सांगितलं असतं.

श्यामकांत : मग?

गंधाली : म्हणूनच नको वाटतंय. त्या नाही म्हणणार नाहीत, सर. त्यांना कळणारच नाही की नाही म्हणायचं असतं.

प्रेमा : माझी पोर असती तर मी पाठवलंय नसतंय.

गंधाली : अजून एक आहे. सांगणार नव्हते. त्याच दिवशी तुमचा सत्कार ठेवतो म्हणाला. शाल, श्रीफळ, बिल्डरच्या हस्ते. सरांनी आयुष्य वाहिलं वगैरे तो स्वतः बोलणार. मागे स्क्रीनवर टॉवरचा फोटो.

श्यामकांत : हसत होता का तो, हे सांगताना?

गंधाली : नाही. अगदी मनापासून सांगत होता. त्याला वाटतंय तो आपल्यासाठी काहीतरी करतोय. तेच जास्त घाण वाटलं मला.

श्यामकांत : दोन वर्षांपूर्वी पालिकेला तो हॉल चालवायला द्यायचा होता, तेव्हा स्थानिक क्रीडासंस्थांची शिफारस लागत होती. तुला आठवत असेल.

गंधाली : तुम्ही पत्र दिलं होतंत. टाइप मीच केलं होतं.

श्यामकांत : तेवढंच तुला माहीत आहे. आपलं एक पत्र पुरणार नव्हतं. बाकीच्या चार संस्थांच्या सह्या मी आणल्या. घरोघरी जाऊन. कॅरमवाल्या नंदकिशोरने मला विचारलं होतं, हा मुलगा नीट आहे ना? मी म्हटलं, माझ्या हाताखाली तयार झालाय, अजून काय पाहिजे तुला. गेल्या महिन्यात त्यांचे कॅरमबोर्डही तिथून बाहेर काढले. नंदकिशोरने मला फोन केला नाही. करायला पाहिजे होता.

प्रेमा : नवीन शर्ट घालून जाय होते, गो. रोज संध्याकाळी. मी विचारलंय, खंय? तर म्हणत, आपल्या पोराचां काम आसा.

श्यामकांत : ट्रॉम्बेला नोकरीत होतो, तेव्हा कोणाच्या बढतीसाठी कधी शब्द टाकला नाही मी. ते लोक मला माणूसघाणा म्हणायचे. हा एकच शब्द टाकला. आता स्वतःचीच किळस येते, दुसरं काही नाही.

गंधाली : तुम्हाला काय माहीत होतं पुढे काय होणार?

श्यामकांत : मला नेम कळतो त्याचा. माणूस कळला नाही. असो. रद्द कर स्पर्धा.

गंधाली : रद्द?

श्यामकांत : पुढे ढकलली असं लिहू नकोस. मुली वाट बघत बसतील. रद्द.

गंधाली : त्याच्या ऑफिसातला माणूस म्हणत होता, कॅन्सल केलीत तर ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ असं टाका. हॉलचं नाव खराब होतं म्हणे.

श्यामकांत : कारण आपल्याला माहीत आहे, तर लपवायचं कशाला? लिही. सभागृहाचं भाडं वाढल्यामुळे स्पर्धा घेणं क्लबला शक्य नाही. फी सगळ्यांना परत मिळेल.

गंधाली : भाडं आपोआप वाढलं नाही, सर. ते कोणी वाढवलं ते लिहिते. नावानिशी. लोकांना कळू दे ना.

श्यामकांत : लिही. नितेशचं पूर्ण नाव लिही. आणि खाली लिही, हे सभागृह त्याच्या संस्थेकडे द्यावं अशी शिफारस मी केली होती.

प्रेमा : तां कित्याक? लोक तुमकाच बोलतले.

श्यामकांत : बोलू दे. बोलण्यासारखं केलंय मी. झालं लिहून?

गंधाली : झालं. ग्रुपवर टाकते. पण सगळे ग्रुप बघत नाहीत, नवीन मुली तर त्यात नाहीतच. त्यांना फोन करायला लागतील.

श्यामकांत : वाच नावं. अर्ध्या तू कर, अर्ध्या मी करतो.

गंधाली : दिशाला मी करते. मग शर्मिष्ठा, घाटकोपर. तिची आई रडेल आधी. मग ही नवीन आहे, तेरा वर्षांची, पहिलीच स्पर्धा. एंट्री बहुतेक शाळेतून आलीय. प्रांजल...

श्यामकांत : काय झालं?

गंधाली : प्रांजल नितेश. आडनाव पण तेच. सर, ही त्याची मुलगी आहे.

प्रेमा : बायो. एवढी मोठी झाली?

गंधाली : ऑफिसात एक शब्द बोलला नाही तो. म्हणजे त्याला माहीत नाही, की माहीत असून...

श्यामकांत : तिचा फोन मी करतो.

गंधाली : तुम्ही कशाला? बापालाच सांगू दे ना.

श्यामकांत : तो खरं कारण सांगणार नाही. पहिलीच स्पर्धा आहे. आपलंच काहीतरी चुकलं असं वाटेल तिला.

गंधाली : आणि ही नोटीस? शाळेच्या ग्रुपवर पण जाणार आहे ही. ती वाचेल.

श्यामकांत : टाकलीस का?

गंधाली : अजून नाही.

श्यामकांत : त्याचं नाव काढ. माझं राहू दे.