साडेचार तारे आणि बुटकं स्टूल

…आणि तो उरलेला अर्धा तारा कुणी खाल्ला, ते आधी मला सांगा. गाडीला पाच द्यायचे तर पाच द्या, चार द्यायचे तर चार द्या, हे साडेचार म्हणजे काय, बाहीला कापड कमी पडलं? आमचा बाळू म्हणतो, "बाबा, अर्धा कमी आहे म्हणूनच विश्वास ठेवायचा. पाचच्या पाच असते तर मला संशय आला असता." म्हणजे बघा, एक टाका मुद्दाम सोडला की बाकीची शिवण खरी. हे शहाणपण मला आधी सुचलं असतं, तर प्रत्येक शर्टाचं एक बटण मी तिरकं लावलं असतं.

तुम्हाला सांगतो, मी बोलणारा माणूस नव्हे. हैदराबादेत सुलतान बाजारच्या गल्लीत पन्नास वर्षं शिंपीकाम केलं, तोंडात टाचण्या धरून. टाचण्या धरलेला माणूस बोलणार काय? गिऱ्हाइकं म्हणायची, उमाजी मास्टर फार शांत. शांत कसला, तोंड उघडलं असतं तर निम्म्या टाचण्या पोटात गेल्या असत्या. आता दुकान बंद केलं, टाचण्या निघाल्या आणि इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं या एका गाडीवर निघतंय… ऐकून घ्या.

गाडी घेतली कशाला, तर आमच्या चतुराबाईसाठी. माझी बायको. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. तिची थोरली बहीण इंदुताई दिलसुखनगरला, आम्ही चिक्कडपल्लीला. लग्न होऊन आली तेव्हापासून दर गुरुवारी ही तिकडे जायची, दोघी मिळून भाकऱ्या थापायच्या, आधी सासवांना, पुढे दोन्हीकडच्या सुनांना नावं ठेवायच्या आणि ही संध्याकाळी तृप्त होऊन घरी यायची. मग मेट्रोच्या खांबांसाठी रस्ते खणले. ऑटोत बसलं की हाडावर हाड आपटायचं. आठ महिने जाणं बंद. आणि तिकडे इंदुताईची नजर रोज थोडी थोडी विझत चाललेली. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी आहे. तिनं फोनवर हिला सांगितलं, "चतुरे, तुझं तोंड दिसतंय तोवर एकदा येऊन जा गं." हिनं फोन ठेवला आणि गवारी मोडायला बसली. शेंगा संपल्या तरी मोडतच होती… देठं मोडत होती. ते बाळूनं पाहिलं आणि म्हणाला, आईसाठी गाडी घ्यायची.

पोरगा गुणाचा आहे, त्यात वाद नाही. पण गाडी बघितली कशी, तर तारे मोजून. तीन महिने मोजत होता. जेवताना मासिक, हात धुतल्यावर मोबाइल. त्यात एक गॉगलवाला होता, डोंगरात गाडी घेऊन जायचा आणि तिच्या टपावर थाप मारायचा, "दोस्तो, ग्राउंड क्लिअरन्स देखो, पूरा पहाड़ चढ़ जाएगी." मी विचारलं, "बाळू, दिलसुखनगरच्या वाटेत पहाड कुठे लागतो रे?" तो म्हणाला, "बाबा, म्हणजे गाडी जमिनीपासून उंच आहे." "किती उंच?" "खूप. त्याचेच तर तारे आहेत." त्या गॉगलवाल्याचं वय असेल पंचवीस, तंगड्या हरणाच्या. उडी मारून आत बसायचा आणि खाली अक्षरं यायची, बसण्याचा आराम पाचपैकी पाच. अरे, पण कुणाचा आराम? तुझा. मग तुझ्या मापानं मी चतुराबाईचं पोलकं बेतू का?

मग बाळूनं शास्त्र काढलं. गाडीत पुतळे बसवतात आणि भिंतीवर आदळतात, त्याची फिल्म दाखवली. खोटं कशाला बोलू, ते मला पटलं. रस्त्यावर रोज माणसं मरतात, कुणीतरी आपटून बघायलाच हवं. तेवढे तारे मी मानतो. पण पुतळ्यांचा मलाही अनुभव आहे हो. माझ्या दुकानाच्या दारात एक होता. कुठलाही कोट त्याला बसायचा. काखेत आवळतंय असं इतक्या वर्षांत एकदा म्हणाला नाही. आदळल्यावर काय होतं ते पुतळ्याला विचारा, चढताना काय होतं ते गुडघ्याला विचारायला नको?

मी एवढंच म्हणालो, "आईला एकदा शोरूमला ने. कच्ची शिलाई अंगावर चढवून बघितल्याशिवाय मी कुणाचा कोट पक्का केला नाही." तर म्हणतो, "बाबा, आईला सरप्राइज द्यायचंय. आणि पाच हजार लोकांनी लिहिलंय. पाच हजार लोक खोटं बोलतील?" नाही बोलणार. पण त्या पाच हजारांत चतुराबाई एकही नव्हती. तारे मात्र साडेचार.

त्यात राज्याची वाटणी आली. बाळू म्हणाला, आत्ता घेतली तर जुना नंबर, जून उजाडला की नव्या राज्याचा टीएस नंबर, थांबू या. छप्पन्न साली मी चौदा वर्षांचा होतो, काजं करायला शिकत होतो, तेव्हाही हैदराबाद राज्य असंच शिवणीवर उसवलं. माझं गाव तिकडच्या तुकड्यात गेलं, मी सुईदोऱ्यासकट इकडच्या तुकड्यात राहिलो. राज्यं उसवतात, राज्यं शिवतात, त्यांना कुठे गुडघे असतात? पण पाटीवरच्या दोन अक्षरांसाठी बहिणीनं बहिणीचं तोंड बघायचं थांबावं? थांबली बिचारी.

आली गाडी. जांभळा रंग, गळ्यात झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं. सगळी बिल्डिंग खाली उतरली. चतुराबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलेलं, हातात इंदुताईसाठी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा, म्हणजे सरळ तिकडेच निघायचं. बाळूनं दार उघडलं, "बस आई." हिनं पाय उचलला. कुठवर, तर जिन्याच्या पायरीइतका. आणि गाडी कुठे, तर तिच्या मांडीपाशी. खालच्या मजल्यावरचे खानसाहेब म्हणाले, "अम्मा, पहले बैठ जाव, पाँव बाद में लेव." अहो, बसायला आधी पोचायला नको? वॉचमनची भामा ओरडत होती, "कुडी कालु अम्मा, कुडी कालु," म्हणजे उजवा पाय, जसा काही डावा पोचणार होता. बाळूनं काखेत हात घातला, तशी ही कळवळली. मग हसली आणि म्हणाली, "आज पाय जरा अवघडलाय रे. उद्या बसते. रंग काय सुरेख निवडलास." आणि डबा घेऊन वर आली. जिन्यात माझा हात धरून हळूच म्हणाली, "अहो, पोराला काही बोलू नका."

नाही बोललो. उद्या, उद्या करत आठ दिवस गेले. बाळूला कळलं नाही असं नाही. तो म्हणाला, "बाबा, दाराखाली लावायची पायरी मिळते." मी म्हटलं, "मग आण." म्हणाला, "चार-पाच प्रकारच्या आहेत. कुठली घ्यायची त्याचे तारे बघतोय."

आता खरी गंमत ऐका. भर दुपारी घरात मी एकटा जागा आणि फोन वाजला. शोरूममधून एक पोरगी. "अंकल, फीडबॅक का कॉल है, एक से दस में बोलना." मी म्हटलं, आली ही सोन्यासारखी संधी, टाचण्या नाहीत तोंडात, आता सगळं सांगतो. म्हटलं, "बेटी, गाडी बहुत ऊँची है, हमारी घरवाली चढ़ नहीं सकती." ती म्हणाली, "अंकल, वो लिखने की जगह नहीं है. खाली नंबर बोलो." मी म्हटलं, "तो तीन." पलीकडून अगदी बारीक आवाजात, "अंकल, नौ बोले तो भी मेरे कू साब के सामने खड़ा करते. इस महीने दो बार हो गया. नौकरी नई है अंकल." तुम्हीच सांगा, काय करायचं? समोर तुटक्या बटणाचं पोर उभं राहिलं तर दुकान बंद झालंय म्हणून सांगवत नाही मला. म्हटलं, दस. "शोरूम का बर्ताव?" दस. "आराम?" दस. "चढ़ने-उतरने में आसानी?"… आतल्या खोलीत चतुराबाई कुशीवर वळली, गुडघा धरून. म्हटलं, दस. "थँक यू अंकल, उमर कितनी लिखूँ?" बहात्तर.

फोन ठेवला आणि स्वतःचीच अशी लाज वाटली की बसवेना. उठलो, माळ्यावर हात घातला आणि दुकानाचं बुटकं स्टूल खाली काढलं. गिऱ्हाइकाला त्यावर उभं करून पँटची उंची घ्यायचो ना, ते. आमदारापासून हमालापर्यंत सगळे उभे राहिलेत त्यावर, एकदाही डुगडुगलं नाही. खाली नेलं, दाराशी ठेवलं, टेपनं माप घेतलं, चारी पायांना रबर ठोकलं. चतुराबाईला म्हटलं, "या, ट्रायल आहे." एक पाऊल स्टुलावर, दुसरं गाडीत. बसली. बाळूच्या मोबाइलात त्या स्टुलाला एकही तारा नव्हता.

गुरुवारी गेलो दिलसुखनगरला. इंदुताईनं हिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, डोळ्यांशी नेलं. "वाळलीस गं." "बघतेस की चाचपतेस?" "दोन्ही." मग सुनांचा विषय निघाला, मी बाहेर येऊन बसलो.

इथं संपलं असतं तर बरं होतं. पण गेल्या आठवड्यात आमच्या समोरचे भगवंतराव, रिटायर्ड वकील, तीच गाडी घेऊन आले. त्यांच्या बायकोचे, कुसुमताईंचे, गुडघे हिच्यापेक्षा वाईट. मी विचारलं, "भगवंतराव, आधी ताईंना बसवून बघायचं नाही का?" म्हणाले, "उमाजीराव, मी पुराव्याशिवाय पाऊल टाकत नाही. ताऱ्यांवर कोण विश्वास ठेवतो? शोरूमवाल्यानं खऱ्या गिऱ्हाइकाचा कागदच पुढे ठेवला. हे बघा. वय बहात्तर, राहणार चिक्कडपल्ली, चढण्या-उतरण्याची सोय, दहापैकी दहा."

मी कागद बघितला. कुसुमताई एक पाय हवेत धरून गाडीशी उभ्या होत्या. पन्नास वर्षांची सवय हो… आपोआप तोंड मिटलं, टाचण्या धरल्यासारखं.

आता गुरुवारी स्टूल आमच्याकडे असतं, शनिवारी त्यांच्याकडे. तारे मात्र साडेचार. थोडे वाढलेही असतील म्हणा, माझ्यामुळे.