बरं हाय म्हणल्यावर

मी मूळचा कुंभार पिंपळगावचा, आता घनसावंगीत, उसाच्या वजनकाट्यावर कामाला. काट्यावर दिसंल तेच पावतीवर, म्हणून कुणी खोटं म्हणलं की मला सहन होत न्हाई, आन् मला म्हणले असते तर एक वेळ चाललं असतं, पण आमच्या मंडळीला म्हणले.

झालं असं, तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आन् विमा कंपनीचं पत्र आलं, दावा नामंजूर, तुम्ही साखरेचा आजार लपवला. काय सांगू तुम्हाला, ती म्हणली, अवो, मी तर विमा काढताना त्या ऑफिसातल्या पोरीला फोनवर सगळं सांगितल्तं, आता काय मी लबाड झाले?

विमा काढल्ता जालन्याच्या एका ब्रोकरकडून. तिथं गेलो. साहेब म्हणले, काका, फॉर्मवर आजार नाही असंच हाय. मी म्हणलो, फॉर्म तुमच्या इथं कामाला असलेल्या पोरीनं भरला, फोनवर विचारून, आन् तो फोन तुम्ही रेकॉर्ड केल्ता, तो ऐकवा. म्हणले, ते ऑफिसचं आतलं असतं. मी म्हणलो, साहेब, तुम्ही कंपनीचे न्हाई, ब्रोकर म्हणजे आमच्या बाजूचा माणूस, आमचं रेकॉर्ड सांभाळायचं आन् मागितलं की द्यायचं हे तुमचं कामच हाय, उपकार न्हाई, हा लेखी अर्ज, पोच द्या. हसले, काका, वकिली सुरू केली काय? मी म्हणलो, न्हाई, पण शिक्का मारल्याबिगर उठणार बी न्हाई. मारला.

मंग चकरा. तिथला चहावाला म्हणायला लागला, मामा, इथंच नोकरी लागली काय? लागली म्हणलं, बिनपगारी. मंडळी म्हणायची, जाऊ द्या आता. मी म्हणलो, पैसे गेले तर जाऊ दे, तुझा शब्द जाऊ देणार न्हाई.

शेवटी ते रेकॉर्डिंग सापडलं. साहेबांनी लावलं, आम्ही दोघं समोर. पोरगी विचारती, काही आजार? आन् हिचा आवाज, देवाच्या दयेनं सगळं बरं हाय बाई. साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणलो, बंद करू नका. आमच्याकडं तब्येत विचारली की आधी बरं हाय म्हणायचं, ही रीतच हाय, आजार मागून निघतो, आन् तुमच्या पोरीनं पहिल्याच बोलण्यावर फॉर्मात आजार न्हाई अशी खूण केली. तेवढ्यात पुढं हिचं चालू झालं, साखर हाय, सकाळची गोळी हाय, गोळीचं नाव, डॉक्टरचं नाव, गोड सोडलं पण आंबा सुटत न्हाई, सगळं बराबर.

साहेबांनी रेकॉर्डिंग बंद केलं. मंग म्हणले, काकू, चूक आमची. रेकॉर्डिंगची प्रत दिली, कंपनीला पत्र बी लिहिलं.

आता लपवल्याचा ठपका कंपनीनं लेखी मागं घेतलाय, दावा परत तपासून राह्यले, निकाल लागेपर्यंत मी बी जाऊन राह्यलोच. परवा दोघं ब्रोकरच्या ऑफिसात गेल्तो. ती पोरगी मान खाली घालून बसल्ती. हिनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणली, सुखी राहा बाई, पण माझ्यासारखीनं बरं हाय म्हणलं की जल्दी खूण करू नको, जरा थांबत जा.