शिंकर म्हटलं की फुंकर

...नाही, मला एवढंच सांगा, ज्या माणसानं चाळीस वर्षं कुलपं विकली, ज्याच्या हाती आलेलं कुलूप कधी न उघडता परत गेलं नाही, त्याच्या हातात बाटली देताना वर चिठ्ठी चिकटवायची? 'नाक' म्हणून? निळ्या शाईनं, हे एवढाल्या अक्षरात, 'नाक'! सूनबाई म्हणते, "बाबा, राग मानू नका, पण तुमच्या खिशात कायम तेलाची बाटली असते ना." असते! कुलूपवाल्याच्या खिशात तेल नाही तर काय अत्तर असणार? पण म्हणून मी दोन वर्षांच्या नातीच्या नाकात कुलपाचं तेल सोडीन? तुम्हाला सांगतो, मी निमूट मान डोलावली, ती फक्त तिला ऑफिसला उशीर होत होता म्हणून. एरवी मी कुणाचं ऐकणाऱ्यातला नाही!

झालं काय होतं, नातीला सर्दी. साधी सर्दी. चिरंजीव परगावी, आमची ही बहिणीचा पाय मोडला म्हणून तिच्याकडे, आणि सूनबाईच्या ऑफिसात नेमकी तपासणी. राहिलं कोण? मी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दुकानाला कामाच्या दिवशी कुलूप लावलं... माझंच कुलूप, आणि तेही लवकर लागेना, सवयच नाही हो त्याला दिवसा लागायची!

नातीला मी खिटी म्हणतो. एवढीशी आहे, पण एकदा मिटली की बापाला उघडत नाही. खिटीचं नाक सकाळपासून गच्च. कपाला तोंड लावायची, दोन घोट घ्यायची, आता नाकानं श्वास घ्यायचा तर नाक बंद, मग कप ढकलायची आणि भोकाड. रडली की नाक आणखी भरायचं. नाक भरलं की आणखी रडायची. डॉक्टरांनी आदल्याच दिवशी बजावलेलं, "या वयात सर्दी-खोकल्याचं सिरप वगैरे काही द्यायचं नाही. नाकात हे मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि पोटात पाणी, दूध, सूप, जे घेईल ते. पण उद्या चारपर्यंत नीट प्यायली नाही, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जायला लागली, तर फोन करत बसू नका, उचला आणि आणा."

चारपर्यंत! आणि वाजले होते अकरा. पोटात गेलं किती? मोजून पाच घोट. सूनबाई दारातून तीनदा परत आली. तिसऱ्यांदा तर चप्पल काढायला लागली. मी म्हटलं, "जा गं तू, मी आहे." त्या 'मी आहे'वर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं गिऱ्हाईक माझ्या सर्वांत स्वस्त कुलपाकडे पाहतं. म्हणाली, "बाबा, चारला मी फोन करते. प्यायली नसली, तर मी काम टाकून येते." गेली बिचारी. पण ती नजर... मी ठरवलं, चारच्या आत पोरगी पिणार. पिणार म्हणजे पिणार!

मग काय, सल्लागारांची रीघ! मला एक कळत नाही, घरात मूल शिंकलं की हे जगाला कळवतं कोण? पहिले आले समोरच्या दारातले मास्तर. निवृत्त झाले, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो. "शेठ! मोठं पातेलं घ्या! पाणी उकळा! पोरीला वर धरा! वरून चादर!" मी म्हटलं, "मास्तर, नातीला वाफ द्यायचीय, वाफवायची नाहीये. उकळतं पाणी कलंडलं म्हणजे?" म्हणाले, "आमच्या वेळी असंच करायचे." म्हटलं, "तुमच्या वेळी छड्याही मारायचे." गेले. आता आठ दिवस बोलणार नाहीत, तेवढीच शांतता.

मग सुतार आला. त्याला बिजागऱ्या हव्या होत्या, दुकान बंद दिसलं म्हणून थेट घरी. खिटीचं भोकाड ऐकून म्हणतो कसा, "शेठ, आमच्या नातवाला आम्ही मोठ्यांचंच सिरप दिलं, अर्धा चमचा. एकदम गप झोपला!" अहो, गप कुणाला करायचंय? मला हिला प्यायला लावायचंय! गप तर मी तुलाही करू शकतो! असं मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, "बिजागऱ्या उद्या." मी कुणाचं ऐकणाऱ्यातला नाही!

आता आली माझी पाळी. बाटली घेतली. वाचली. 'नाक'. पोरीला धरली, थेंब सोडले, आणि लगेच नाक ओढून साफ करायचा तो रबरी पंप लावला... आणि ती अशी किंचाळली, की खाली गेलेला सुतार परत वर आला! पंपात काय आलं? हवा. मी रुमाल धरला, म्हटलं, "शिंकर बाळा, शिंकर!" आणि काय सांगू तुम्हाला... तिनं गाल फुगवले, ओठांचा चंबू केला आणि माझ्या तोंडावर, "फूऽऽऽ!"

मला कळेचना. पुन्हा म्हटलं, "शिंकर." "फूऽऽऽ!" "अगं, शिंकर!" "फूऽऽऽ!" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आम्ही घरात सगळे तिला शिकवतो काय? दूध गरम, घाल फुंकर. गुडघा आपटला, घाल फुंकर. तिच्या शब्दकोशात 'शिंकर' नाहीच! तिला वाटतंय, आजोबांना बाऊ झालाय! डोळ्यांत पाणी, नाक गळतंय, आणि त्यातही ती मला बरं करतेय. आता हिच्यावर ओरडणार कोण?

मी पंप ठेवला बाजूला आणि मला आठवली ती पेटीवाली बाई. वीस वर्षं झाली असतील. नवऱ्यामागे उरलेली एकच पेटी, कुलूप गंजलेलं, चार लोकांनी हातोडा मारून आणखी बिघडवलेलं. मी काय केलं? दोन थेंब तेल. आणि थांबलो. तिच्याशी गप्पा मारल्या, पोरंबाळं विचारली, आणि पाव तासानं किल्ली नुसती टेकवली... खट्! शिकाऊ कारागिरांना मी हेच सांगत आलो, थेंब टाका आणि थांबा, कुलपावर जोर करणारा कारागीर नव्हे, चोर. आणि मी स्वतः काय करत होतो? थेंब टाकला की लगेच ओढाओढ. घरात चोर मीच!

मग बसलो रीतसर धंद्याला. न्हाणीघराचं दार लावलं, गरम पाण्याचा नळ सोडला, पार कोपऱ्यात पालथ्या बादलीवर मी, मांडीवर खिटी. हळूहळू आरसा धूसर झाला. तिच्या हातात दिलं जुनं पितळी कुलूप, तिच्या डोक्याएवढं, किल्ली माझ्या खिशात. तिला म्हटलं, "कुलूप बंद." ती म्हणाली, "बद." गच्च नाकातून 'बंद'वरचा अनुस्वार कुठे बाहेर येतोय! दहा मिनिटं आम्ही बद-बद खेळलो. बाहेर आलो, आडवी केली, दोन-दोन थेंब. आणि थांबलो. अहो, मी थांबलो! एक मिनिट, घड्याळ लावून. कुलपाची गोष्ट सांगितली. मग म्हटलं, "शिंकर." "फूऽऽऽ!" मी म्हटलं, ठीक आहे, तू फू, तर मीही फू. मी फू, ती फू, ती हसायला लागली, हसता हसता तोंड वाकडं झालं, डोळे मिटले, नाक वर चढलं आणि...

थेट माझ्या तोंडावर! चष्म्यावर! मिशीत! असली शिंक, तुम्हाला सांगतो, की अख्ख्या सकाळचा ऐवज एकदम बाहेर. खट्! उघडलं! जे उरलं होतं ते पंपानं हळूच घेतलं, पोरगी ओरडलीसुद्धा नाही. कप लावला तोंडाला. एक घोट, दोन घोट, मध्ये नाकानं श्वास, पुन्हा घोट... मी चष्मा पुसायलासुद्धा उठलो नाही, न जाणो कप सोडायची. अख्खा कप! वर वाटीभर सूप. आणि खांद्यावर मान टाकून तिथेच झोपली, कुलूप हातात घट्ट.

चारला फोन. "बाबा, प्यायली का?" मी म्हटलं, "कधीच." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. म्हटलं, "आता तुला सर्दी झाली का?" म्हणाली, "नाही हो, बाबा." म्हटलं, "मग काम उरकून सावकाश ये."

पुढे काय झालं, ते विचारू नका. विचारणारच आहात. तिसऱ्या दिवशी मी अंथरुणात. खिटी टुणटुणीत, आणि माझ्या नाकाला असं कुलूप, की कुठल्या कंपनीचं तेही कळेना. मास्तर अबोला मोडून पातेलं घेऊन आले. सुतार सिरप घेऊन आला. आमची ही परत आली, म्हणाली, "दोघांत लहान कोण, ते आधी ठरवा." सूनबाईनं बाटली आणली, 'नाक'वाली, आणि खाली नवी चिठ्ठी, 'बाबांचं'. मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं, मला काही झालेलं नाही, आणि मी कुणाचं ऐकणाऱ्यातला नाही!

तेवढ्यात खिटी आली. उशीपाशी उभी राहिली, हातात माझाच रुमाल. नव्यानं शिकलेला शब्द, खणखणीत. "आबा, शिंकल!"

आता तिला नाही कसं म्हणणार? सगळ्या घरादारासमोर उठून बसलो, रुमाल नाकाला लावला, होता नव्हता तेवढा जोर काढला... आणि काय सांगू तुम्हाला, नाक इतकं गच्च, इतकं गच्च, की सगळा वारा आला तोंडातून.

फूऽऽऽ!