दुसऱ्या डब्यातली दारू

मंदीत अबुधाबीतल्या कितीतरी घरांची फाटाफूट झाली होती. दवाखान्यात नंबरची वाट बघणाऱ्या साधनाच्या शेजारी एक बाप-लेक बसले होते. लेकीच्या कानाला फोन होता.

“बाबा, कुशल विचारतोय. तिकडे त्याच्या भावाच्या बंदुकांच्या दुकानात मॅग्नम रिव्हॉल्व्हरची काडतुसं भरतोय. नेहमीची दारू खलास झालीय, अख्ख्या अमेरिकेत मिळत नाहीये. दुसऱ्या डब्यातली तेवढ्याच मापाने भरली तर चालेल?”

“दुसरी कसली?”

“लवकर जळणारी, म्हणतो.”

“अजिबात नाही! मॅग्नमला सावकाश जळणारी लागते. ही त्या मापाने भरली तर रिव्हॉल्व्हर हातात फुटेल.”

“ऑर्डर अर्जंट आहे म्हणतो.”

“दारूगोळ्याच्या कारखान्यात आयुष्य गेलं माझं. सांग त्याला.”

“तुम्हीच सांगा ना.”

“नोकरी गेली तसा बायकोला इथे टाकून अमेरिकेला गेला. त्याच्याशी बोलणार नाही मी.”

“बाबा, माझं तो ऐकत नाही. तुमचं ऐकेल.”

म्हाताऱ्याने फोनसाठी हात पुढे केला.

“कुशल, मी बोलतोय. तो डबा आधी बंद कर. … केलास? बरं. आता सांग, माझ्या सुजाताला तिकडे कधी नेतोस?”